उमेदवार दारात आला, विचारायचे काय?

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. विधानसभेचा प्रचार शिगेला पोचला होता. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पटांगणात एक उमेदवार आले. पक्ष सांगत नाही. कोणत्याही पक्षाचे असते तरी भाषण हेच झाले असते. सुरुवातीला 'जय भीम', मग गटार, पेव्हर ब्लॉक, कमान, हायमास्ट दिवा आणि शेवटी विहाराला ग्रॅनाईटची फरशी. टाळ्या पडल्या. आम्ही उठून विचारले, "साहेब, गायरानावर घर बांधून राहिलेल्यांबद्दल तुमची भूमिका काय?" ते हसून म्हणाले, "वकीलसाहेब, आपण निवांत बसून बोलू." ते निवांत बसणे अजून व्हायचे आहे.

उमेदवाराने स्थानिक प्रश्नांवर बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे. पण 'स्थानिक' म्हणजे गल्लीतले, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, सफाई, रस्त्यावरचे दिवे ही सगळी नगरपालिका-महापालिकांची कामे त्यात आहेत. २०२२ पासून कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षे प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, म्हणून लोक तुंबलेले गटार घेऊन आमदाराच्या दारात गेले. त्यात लोकांचा दोष नाही. पण पोलीस, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यसूचीत आहेत. त्यांवर कायदा करण्यासाठी आपण माणूस विधानसभेत पाठवतो. तो तिथे जाऊन फरशीच मोजणार असेल तर मग ठेकेदार काय वाईट?

असाच एक उमेदवार १९३७ साली मुंबईत भायखळा-परळ मतदारसंघात उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समोर काँग्रेसने क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. हा साधासुधा प्रतिस्पर्धी नव्हता. आपल्या गोलंदाजीने नावलौकिक मिळवलेला, स्वतः अस्पृश्य समाजातला माणूस. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

त्या पक्षाचा जाहीरनामा आजच्या प्रत्येक उमेदवाराने एकदा वाचावा. शेतकऱ्यांसाठी भूविकास बँका आणि सहकारी खरेदी-विक्री संघ, कामगारांना रास्त वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, पगारी रजा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण. खेड्यासाठी काय, तर सभागृह, वाचनालय आणि फिरता सिनेमा! १९३६ साली, ज्या खेड्यात महाराला पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्या खेड्यात ग्रंथालय मागणारा हा माणूस होता.

खोतीचा प्रश्न तर पुरता स्थानिक. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याचा काही भाग सोडला तर इतरांना खोत म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हते. सरकारसाठी सारा वसूल करणारा हा मध्यस्थ कुळाच्या पिकातला वाटा ओढून घेई, वर वेठबिगारी राबवून घेई. कुळांत महार होते, कुणबीही होते. बाबासाहेबांनी 'मी बघतो, सांगतो, फोन लावतो' असे म्हटले नाही. फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी विधानसभेत मांडले. खोताला भरपाई आणि कुळाला जमिनीचा कब्जेदार म्हणून दर्जा, असा त्याचा गाभा होता. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. बाबासाहेब विरोधी बाकावर होते. खोती संपवणारा कायदा आला १९४९ साली. महार वतनाचेही तसेच. विधेयक १९३७ चे, कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. हरलेले विधेयकही पुढच्या सरकारच्या मानगुटीवर बसते ते असे.

आता पुन्हा गायरानाकडे येऊ, कारण आजची खोती तिथे आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. १९९१ च्या शासननिर्णयाने भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची होती. किती कसणाऱ्यांचे नाव सातबाऱ्यावर चढले, हे प्रत्येकाने आपल्या गावात विचारावे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा लागल्या. आमच्याकडे त्या नोटिसा घेऊन आलेल्या बायाबापड्यांना एकच ठाऊक होते, 'सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, घर पाडणार.' होय, २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे म्हटले आहे. पण त्याच निकालात अपवादही आहे. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना भाडेपट्ट्याने दिलेली जमीन नियमित करता येते. निकालाची पहिली बाजू तहसीलदाराला पाठ असते. दुसरी बाजू विधानसभेत कोण वाचून दाखवणार?

ॲट्रॉसिटीबद्दलही तेच. १९९५ च्या नियमांतील नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे आणि आमदार तिचे सदस्य असतात. म्हणजे पाच वर्षांत किमान वीस बैठका. आमदारसाहेब जत्रेच्या कुस्त्यांना हजर असतात, या बैठकांची हजेरी मात्र कोणी मागत नाही. अनुसूचित जातींसाठीचा विकासनिधी दुसरीकडे वळू नये म्हणून कर्नाटकाने २०१३ साली कायदा केला. तसाच पक्का कायदा इथे हवा की नको, यावर आमच्या मतदारसंघातल्या एकाही उमेदवाराचे तोंड उघडलेले आम्ही ऐकले नाही.

त्या दिवशी आलेले उमेदवार निवडून आले. विहारात ग्रॅनाईट बसले, चांगले गुळगुळीत आहे. मागच्या पंधरवड्यात आम्ही त्यांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. त्यात तीनच प्रश्न आहेत: दक्षता समितीच्या किती बैठकांना हजर होता, गायरानावर सभागृहात किती वेळा बोललात, आणि निधीच्या कायद्यासाठी अशासकीय विधेयक मांडणार का. पोचपावती आली आहे. उत्तर आले की याच स्तंभात जसेच्या तसे छापू.