पंखा बंद, तरी दिवा चालू

‘पंखा तं बंद हाय, मंग दिवा कायले पेटते?’ अकोल्याच्या एका वाचकांचा हा प्रश्न. त्यांनी जुनी जीप घेऊन ती सांगाड्यापासून पुन्हा उभी केली. पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा काढून रेडिएटरमागे इलेक्ट्रिक पंखा बसवला, रिले टाकला आणि पंखा सुरू झाल्याचं कळावं म्हणून डॅशबोर्डवर छोटा एलईडी लावला. गावात सगळं ठीक चालतं. पण अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूर ओलांडलं आणि वेगाचा काटा ऐंशीवर गेला की दिवा मंद पेटतो. बडनेऱ्याला चहासाठी थांबलं की विझतो. मिस्तरींनी रिले बदलला, वायरिंग नव्याने ओढलं, करंट कुठे लीक होतो ते शोधलं. दिवा आपला पेटतोच.

करंट कुठेही लीक होत नाही. ती वीज बॅटरीतून येतच नाही, पंखाच ती तयार करतो.

रेडिएटरच्या पंख्यात कायमचुंबकाची साधी डी.सी. मोटर असते. तिला वीज दिली की ती फिरते आणि तिला फिरवलं की ती वीज देते. इथे तिला फिरवतं कोण, ते पाहा. मूर्तिजापूरपुढचा माना ते लोणी हा तर विक्रमी रस्ता. जून २०२२ मध्ये इथे एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. अशा रस्त्यावर गाडी पळू लागली की रेडिएटरच्या जाळीतून घुसणारा वारा पाती फिरवतो. इंजिन थंड ठेवायला तो वारा पुरतो, म्हणून पंख्याला वीज मिळालेली नसते. पण पाती फिरतात, मोटरचं जनित्र होतं आणि दोन-चार व्होल्ट तयार होतात. लाल एलईडीला उजळायला दोन व्होल्टही पुरतात. जुना बारा व्होल्टचा तारेचा बल्ब असता तर एवढ्या दाबावर त्याची तार दिवसाउजेडी दिसेल इतकी तापली नसती आणि हा प्रश्नच पडला नसता. एलईडी सगळ्याच बाबतीत सरस, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मोटर आणि जनित्र एकच, हे जगाला कळलं ते १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात, असं पुस्तकं सांगतात. झेनोब ग्राम या बेल्जियन कारागिराची जनित्रं तिथे मांडली होती. चालू असलेल्या एका जनित्राच्या तारा चुकून दुसऱ्या, थांबलेल्या जनित्राला जोडल्या गेल्या आणि ते आपोआप गरगरू लागलं. ग्राम यांचे भागीदार हिपोलित फोंतेन यांनी मग त्याच यंत्रावर पंप चालवून छोटा कृत्रिम धबधबा पाडून दाखवला. चूक खरी की नंतर रचलेली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. गोष्ट झकास आहे, म्हणून ती टिकली.

मला मात्र इथे एका माणसावर अन्याय झालेला दिसतो. एमिल लेन्झ. अकरावी-बारावीत ‘लेन्झचा नियम’ दोन गुणांसाठी पाठ करून आपण त्याला सोडून देतो. बाल्टिक भागातल्या दोर्पातला हा तरुण १८२३ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, कोत्सेबू नावाच्या कप्तानाच्या जहाजावरून जगप्रदक्षिणेला निघाला आणि तीन वर्षं समुद्राचं तापमान आणि खारेपणा मोजत राहिला. पुढे सेंट पीटर्सबर्गला त्याने १८३३ मध्ये आपला नियम मांडला. मोटर आणि जनित्र ही एकाच यंत्राची उलटसुलट रूपं आहेत, हेही त्याने व्हिएन्नाच्या कितीतरी आधी, १८३८ मध्ये करून दाखवलं. त्याच वर्षी बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यातून वीज सोडून त्याने पाण्याचा थेंब गोठवला. विजेने थंडावा आणणाऱ्या या माणसाचं नाव कूलरच्या गावात तरी ठाऊक असायला हवं!

जीपच्या दिव्याचा उलगडाही लेन्झच करतो. त्याच्या नियमाप्रमाणे मोटर फिरताना स्वतःही व्होल्टेज तयार करते आणि ते बॅटरीला विरोध करतं. या विरोधामुळेच पंखा आठ-दहा अँपिअरवर भागवतो. पातं अडकलं की विरोध संपतो, प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि फ्यूज उडतो. वारा पातं बॅटरी फिरवते त्याच दिशेने फिरवतो, म्हणून हे व्होल्टेज बॅटरीसारखंच, धन टोकाला धन, असं उभं राहतं आणि एलईडी सुलटा पेटतो. खात्री करायची असेल तर इंजिन बंद करून पंख्याचं कनेक्टर काढा, मोटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा आणि पातं बोटाने फिरवा. आकडा हलतो. कनेक्टर काढायला मात्र विसरू नका, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

मग दिव्याची वायर जोडायची कुठे? वरुड-मोर्शीचा संत्रा बागायतदार हा प्रश्न रोज सोडवतो. स्टार्टरच्या पेटीवरचे दिवे लागले, म्हणजे लाइन आली. मोटर गुणगुणली, म्हणजे मोटर चालू झाली. पण बागेला पाणी लागलं का, हे तो पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाहतो, कारण बोअर कोरडी असली तरी दिवे तितक्याच इमानाने पेटतात.

रिलेवरही तसंच आहे. दिवा कॉइलच्या ८५ आणि ८६ नंबरच्या टोकांना लावला, तर पंखा लावायचा हुकूम सुटला एवढंच कळतं. वारा त्याला फसवू शकत नाही, पण रिलेचा पॉइंट जळाला किंवा पंख्याचा फ्यूज उडाला तरी तो पेटलेलाच राहतो. ८७ नंबरला, म्हणजे पंख्याकडे जाणाऱ्या वायरला लावला, तर वीज तिथवर आल्याचं कळतं, पण ती बॅटरीची की वाऱ्याची, हे कळत नाही. वाचकांचा दिवा नेमका इथे आहे. तिसरा उपाय हौशी माणसाचा. पंख्याच्या जाड वायरचे तीन-चार वेढे रीड स्विचभोवती घ्यायचे. प्रवाह वाहिला की वेढ्यांच्या चुंबकत्वाने स्विच मिटतो आणि दिवा लागतो. पण पातं अडकलं तरी फ्यूज उडेपर्यंत तोही आनंदाने पेटतो.

ही बारकाई हौशीपुरती नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत दाब सोडणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा विझलेला होता, म्हणून कर्मचाऱ्यांनी झडप मिटली असं मानलं. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. तो फक्त झडपेच्या सोलेनॉइडला वीज आहे की नाही, एवढंच सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ थंड करणारं पाणी निसटत राहिलं आणि भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला. दिवा खोटं बोलला नव्हता.

वऱ्हाडात या सगळ्याला उन्हाची धार आहे. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७५ चा. हवा ४५ वर गेली की उरतो ५०. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद एक तृतीयांशाने घटली. भर दुपारी रेल्वे फाटकावर उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर येतो.

तेव्हा वाचकांना सल्ला असा. दिवा ८७ वरच राहू द्या, पण एलईडीच्या ओळीत सहा-साडेसहा व्होल्टचा झेनर डायोड योग्य दिशेने घाला किंवा सरळ तारेचा बल्ब लावा. वाऱ्याचे दोन-चार व्होल्ट मग दिसणार नाहीत. आणि शेजारी पाण्याच्या तापमानाचा काटा बसवाच. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत पंख्याचा दिवा नसतो, कारण चालकाला पंख्याशी नाही, इंजिनाच्या तापाशी मतलब असतो. हल्ली अनेक गाड्यांतून तो काटाही गेला आणि त्याच्या जागी एक लाल दिवा आला. याला प्रगती म्हणायला मी तयार नाही. काटा चढताना दिसतो, तेव्हा गाडी सावलीत घ्यायला वेळ असतो. लाल दिवा लागतो, तेव्हा तो वेळ बहुधा संपलेला असतो.