बाथरूमचं दार किती इंच?

फोनवर सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘व्हीलचेअर आत येईल ना?’ असं विचारलं की पलीकडचा मुलगा आपुलकीनं सांगतो, ‘काका, बिनधास्त या, काही प्रॉब्लेम नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर हॉटेलचं फाटक असतं, फार तर काउंटरपुढची गुळगुळीत फरशी. माझ्या डोळ्यांसमोर असतं बाथरूमचं दार.

२०१९ साली हिला अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, उजवा हात-पाय परतले नाहीत. तीन वर्षं आम्ही कुठे मुक्कामाला गेलो नाही. मग २०२२च्या डिसेंबरात हिनं समुद्र बघायचा हट्ट धरला आणि कोकण किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये खोली घेतली. व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. दोन वेटरांनी हिला खुर्चीसकट उचललं, तेव्हा हिनं डोळे मिटून घेतले. खोली छान, खिडकीत समुद्र. बाथरूमचं दार मात्र २४ इंच आणि आमची खुर्ची २६. शिवाय उंबरा. साठी उलटलेला मी हिला काखेत धरून आत न्यायचो, ओल्या फरशीवर दोघांचेही पाय लटपटायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपासून हिनं पाणी पिणंच बंद केलं. का, ते मी विचारलं नाही.

परतताना गाडीत मला माझी बँक आठवली. १९९६-९७ साली कोकणातल्याच एका शाखेत मी लॉजवाल्यांची कर्जप्रकरणं बघत असे. पाहणीला जाताना पिशवीत टेप असायचा. बांधकाम मोजायचं, पाण्याची टाकी, जनरेटर बघायचा, सीझनमध्ये किती खोल्या भरतील याचा हिशेब मांडायचा. बाथरूमच्या दाराला टेप लावावा असं एकदाही सुचलं नाही. अपंगांसाठीचा १९९५चा कायदा तेव्हा नुकताच, १९९६च्या फेब्रुवारीत, अमलात आला होता. तसल्या पायऱ्यांच्या किती नकाशांवर माझी ‘पाहिले’ अशी सही असेल, देव जाणे.

नंतर २०१६चा कायदा आला, त्यात खासगी आस्थापनाही आल्या. तारांकित हॉटेलांना अपंग पाहुण्यांसाठी खोली ठेवण्याची अट आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात बजावलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, त्यांची सक्ती हवी. पण आपण मध्यमवर्गीय माणसं उतरतो ती घरगुती लॉजमध्ये. तिथे तारेही नाहीत आणि तपासनीसही.

म्हणून आता मी फोनवर इंचांत बोलतो. दार उघडल्यावर मोकळी जागा किती? निदान ३२ इंच हवी. दार बाहेर उघडतं की आत? आतला माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कमोडशेजारी खुर्ची लावायला तीन फूट आहेत का? दांडी असेल, तर कुठल्या बाजूला? हिचा डावा हातच चालतो. ‘रॅम्प आहे’ म्हणाले, तर लांबी विचारतो. सहा इंच उंचीला सहा फूट उतार लागतो. पुष्कळदा तो रॅम्प सामानाच्या ढकलगाडीसाठी असतो आणि त्यावरून माणूस नेला तर घसरगुंडी. शेवटी म्हणतो, टेप लावून फोटो पाठवा.

बहुतेक जण पुन्हा फोन करत नाहीत. एका मुलानं मात्र तासाभरानं कळवलं, ‘काका, साडेतेवीसच भरतंय. नका येऊ.’ इतका प्रामाणिक नकार मला बँकेतही क्वचित मिळाला होता.

गेल्या हिवाळ्यात गुहागरच्या एका घरगुती लॉजच्या मालकीणबाईंनी माझे प्रश्न वहीत उतरवून घेतले. आम्ही पोचलो तेव्हा बाथरूमचं दार बिजागरीतून काढून ठेवलेलं होतं. तेवढ्यानं दोनेक इंच मिळाले होते, खुर्ची जेमतेम जात होती. दाराऐवजी जाड पडदा, उंबऱ्यावर सिमेंटचा उतार, कमोडच्या डावीकडे दांडी. ‘सुतार आणि गवंडी, एका दिवसाचं काम,’ बाई म्हणाल्या. वाळूत खुर्ची रुतते, म्हणून समुद्र अंगणातूनच बघायचा होता. त्याला हिची तक्रार नव्हती.

मी खुर्ची कमोडशेजारी लावली आणि पडदा ओढून बाहेर येऊन बसलो. आतून दांडी धरल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. उठू की नको, असं झालं. तेवढ्यात ही म्हणाली, ‘अहो, चहा सांगून ठेवा. आणि मला मोठा कप.’