‘क्लाऊड’ म्हणजे काय व ऊस उत्पादकाला त्याचा उपयोग काय?



गेल्या महिन्यात बदलापूरला पुतण्याकडे जाणे झाले. आपल्याकडची पुष्कळ मुले नोकरीनिमित्त बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात राहतात, त्यातलाच हा एक. रोज लोकलने ठाण्यामार्गे ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये कामाला जातो. “काका, लोक क्लाऊड म्हणतात ना, तो आमच्या इमारतीत असतो,” म्हणाला. आम्हाला पावसाचा ढग तेवढा ठाऊक! म्हणून खोदून खोदून विचारले. आपली लागण नोंद आता मोबाईलवर होते, तेव्हा ही माहिती सभासदांनाही हवी, असे वाटले.

डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक ठेवलेली इमारत. त्यांना अखंड वीज लागते व थंड ठेवावे लागते. ते संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे, यालाच क्लाऊड म्हणतात. ॲमेझॉनने हा धंदा 2006 साली सुरू केला व 2016 मध्ये मुंबई विभागात केंद्रे उघडली. मायक्रोसॉफ्ट 2015 साली पुण्यात आली, गुगल 2017 साली मुंबईत.

प्रत्येकाने नदीवर मोटर बसवण्यापेक्षा उपसा योजनेचे पाणी घ्यावे आणि वापरापुरती पट्टी भरावी, तसाच हा प्रकार. कारखान्याला हंगामात संगणकाचे काम भरपूर, पुढे कमी. बिलही त्याप्रमाणे येते.

मिळणाऱ्या सेवा मुख्यतः अशा :

1) साठवण – नोंदी, नकाशे, फोटो ठेवणे. प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवता येतात.
2) संगणकाची ताकद – मोठे हिशेब करण्यासाठी तासावर संगणक.
3) तयार प्रणाली – उल्हासनगरच्या एका कापड दुकानदाराने मला मोबाईलवरच बिल दिले. फोन हरवला तरी दुसऱ्या फोनवर सगळा हिशेब दिसतो, असे त्याने सांगितले.
4) विश्लेषण – उपग्रहाची चित्रे, हवामान व मातीतील ओल एकत्र करून सल्ला देणे.

चौथ्या सेवेचे उदाहरण जवळचेच आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ क्लाऊडवर उसाचे प्रयोग केले. शेतातील यंत्रे व उपग्रह यांच्या माहितीवरून पाणी, खत व रोग-किडीबाबत शेतकऱ्याला मोबाईलवर सूचना दिल्या गेल्या. तरीपण सूचना आली म्हणून बांधावर जायचे सोडू नये!

आता साठवणीचे महत्त्व. 26 जुलै 2005 च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. आपणही ऑगस्ट 2019 चा कृष्णाकाठचा पूर विसरलेलो नाही. त्या वेळी एका गट ऑफिसात लागण नोंदीची वही भिजली. ती खालच्या कप्प्यात मीच ठेवली होती. तारखा पुसल्या. आधी लागण कोणाची, यावरून सख्ख्या भावांत तंटा झाला आणि एकाचा आडसाली ऊस तोडीअभावी तुरे येऊन उभा राहिला. तो दोष माझा. नोंदीची प्रत दुसऱ्या गावी असती तर हे टळले असते.

मात्र क्लाऊडने सगळे दुखणे जाते असे नाही. चिटबॉयने तारीख चुकीची टाकली तर क्लाऊड चुकीचीच तारीख जपून ठेवील. रेंज नसेल तर नोंद अडते. आणि उपसा योजना आपली असते, हा धंदा परक्या कंपनीचा आहे. बिल थकले तर सेवा बंद पडते. म्हणून आपल्या नोंदी कोण पाहणार, त्या दुसऱ्या कोणाला दिल्या जाणार काय, करार संपल्यावर परत मिळणार काय, हे सभासदाने वार्षिक सभेत जरूर विचारावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली कायदाही झाला आहे.

तूर्त एवढे करावे. गट ऑफिसात जाऊन आपला गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख व मोबाईल नंबर डोळ्यांनी पडताळावा. वाचता येत नसेल तर मुलाला, सुनेला बरोबर न्यावे. चूक असल्यास त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी. आणि वजनाची पावती मोबाईलवर आली तरी काट्यावरची कागदी पावती टाकून देऊ नये. नोंद ऐरोलीत असो की वहीत, ऊस आपला आहे.

– ऊस विकास अधिकारी