फीत आणि यंत्र : चित्राची पारख

चेन्नईतील मैलापूर या जुन्या वस्तीत, कपालीश्वराच्या मंदिराभोवतीच्या माड रस्त्यांवरून दरवर्षी पंगुनी महिन्यात त्रेसष्ट नायन्मार संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ मुद्रणाची साधने भारतीय शहरांत पसरली, तेव्हा असे उत्सव, घरोघरचे विवाह आणि मार्गळी महिन्यातील गायन-नृत्याचे कार्यक्रम व्ही. एच. एस. फितींवर उतरू लागले. त्या फितींपैकी अनेक आज कपाटांत पडून आहेत. त्या वाचणारी यंत्रे मात्र आता तयार होत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबविले. म्हणून उरलेल्या जुन्या यंत्रांतून चांगले यंत्र कसे निवडावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

यंत्राची रचना समजल्यावाचून त्याची पारख होत नाही. सुमारे साडेबारा मिलिमीटर रुंदीची चुंबकीय फीत एका तिरप्या दंडगोलाभोवती गुंडाळली जाते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत हा दंडगोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरील दोन शीर्षे फितीवरील तिरके मार्ग आळीपाळीने वाचतात. एका मार्गाची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढीच असते. शीर्ष या मार्गावरून किंचितही ढळले, की चित्रात पांढऱ्या ठिणग्यांचे पट्टे उमटतात. ट्रॅकिंगची कळ फिरवून ते नाहीसे झाले तर चिंता नाही. परंतु पट्टा चित्राच्या वरच्या किंवा खालच्या भागातच टिकून राहिला, तर फितीला वाट दाखविणाऱ्या खुंट्यांची उंची बिघडली असण्याचा संभव असतो. चित्राच्या अगदी तळाशी दिसणारी काही ओळींची गडबड मात्र दोष नव्हे. तेथे एका शीर्षाकडून दुसऱ्याकडे काम सोपविले जाते.

अंशशोधनासाठी प्रमाण संकेत मुद्रित केलेली फीत वापरतात. तिच्यावरील शुभ्र रंगाची पातळी काळ्यापेक्षा ०.७ व्होल्ट अधिक भरावी. ऑसिलोस्कोपवर हे मोजता येते. रंगपट्ट्यांवरून रंगांची शुद्धता कळते, तर क्रमाने बारीक होत जाणाऱ्या उभ्या रेषांवरून तपशिलाची मर्यादा कळते. व्ही. एच. एस. पद्धतीत ही मर्यादा सुमारे २४० रेषांची आहे. काही यंत्रे कडा गडद करून चित्र अधिक रेखीव भासवितात. पण जो तपशील फितीवरच नाही, तो कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. सरळ खांब थरथरताना दिसला, तर ओळींच्या वेळेत चूक होत आहे असे समजावे. ती चूक टाइम बेस करेक्टर बरीच दूर करतो.

दोन यंत्रांची तुलना करताना फीत, तिचा भाग, तार आणि पडदा ही सर्व एकच असावीत. शीर्षे आधी स्वच्छ करावीत आणि ट्रॅकिंग प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे जुळवावे. कोणती प्रत कोणत्या यंत्राची, हे पाहणाऱ्याला सांगू नये. महागड्या यंत्राचे नाव ऐकले की डोळाही पक्षपाती होतो.

एवढे करूनही एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. ज्या यंत्रावर मूळ मुद्रण झाले त्याच्या खुंट्या बिघडलेल्या असतील, तर फितीवरील मार्गही तसेच वाकडे उमटलेले असतात. अशी फीत बिनचूक जुळविलेल्या यंत्रावर खराब दिसते आणि त्या जुन्या, सदोष यंत्रावर उत्तम. तात्पर्य, चित्राचा दर्जा हा एकट्या यंत्राचा गुण नसून फीत आणि यंत्र यांच्या मेळावर अवलंबून असतो. यास्तव घरच्या सर्व फितींच्या प्रती निघेपर्यंत घरातील जुने यंत्र मोडीत काढू नये आणि त्याच्या खुंट्यांना हातही लावू नये.

समुद्राजवळील मैलापूरच्या दमट हवेत फितीवर बुरशी चढण्याचे भय असते. बुरशी लागलेली फीत लावली, की ती शीर्षांना आणि त्यांच्यामार्फत पुढच्या फितीला लागते. शिवाय प्रत्येक वाचनात फीत थोडी झिजते. तेव्हा साऱ्या चाचण्या ज्या फितीचे मोल नाही अशा फितीवर कराव्यात. ज्या फितीत दिवंगत आजीचा चेहरा आहे, ती फीत सर्व जुळणी पूर्ण झाल्यावरच लावावी आणि त्याच वेळी तिची प्रत घ्यावी. कारण ती दुसऱ्यांदा चालेलच, याची खात्री कोणतेही यंत्र देऊ शकत नाही.