बोअर मारण्याआधी थोडं गणित

परदेशातल्या मराठी घरांमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एक विषय हमखास निघतो. गावाकडून काका किंवा मामा फोनवर सांगतात, "विहिरीनं तळ गाठलाय, बोअर घ्यावा म्हणतोय, थोडी मदत झाली तर बरं." आपण पैसे पाठवतो. कधी पाणी लागतं, कधी नुसती धूळ वर येते. लागलं तरी दोन-तीन वर्षांत पुन्हा निरोप येतो, अजून खाली जावं लागेल. आज आपण या बोअरच्या मागचं विज्ञान समजून घेऊ, कारण त्यात आपलाही पैसा आणि बऱ्याच जणांची वडिलोपार्जित जमीन गुंतलेली आहे.

शाळेच्या पुस्तकात नैसर्गिक संसाधनांचे दोन गट असतात. सूर्यप्रकाश, वारा, पाणी ही पुन्हा भरून निघणारी. कोळसा, तेल ही संपणारी. जमिनीखालचं पाणी मात्र या दोन खणांत नीट बसत नाही. ते भरून निघेल की संपेल, हे खाली खडक कुठला आहे आणि आपण किती उपसतो यावर ठरतं.

खाली तळं नसतं

भूजल म्हटलं की जमिनीखाली वाहणारी नदी किंवा साठलेलं तळं डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि छिद्रांत. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तर मधला-खालचा भाग घट्ट. या घट्ट पाषाणाला भेगा नसतील तर त्यातून पाण्याचा थेंबही मिळत नाही. पाणी मिळतं ते वरच्या मुरमात, भेगाळलेल्या दगडात, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या सांध्यात.

म्हणून एका शेतात पाणी लागतं आणि बांधापलीकडे कोरडा फुफाटा निघतो. यात नशिबाचा भाग कमी आणि भेगांचा जास्त. खोल गेलं की पाणी वाढतंच असंही नाही, कारण खाली जावं तशा भेगा सहसा कमी होत जातात.

आता आकडे बघू. पाण्यानं भिजलेला 100 लिटर आकाराचा बेसाल्ट घेतला, तर त्यातून निथळून हाती येतं ढोबळमानाने 1 ते 3 लिटर पाणी. तेवढ्याच वाळूतून 10 ते 20 लिटर मिळू शकतं. समजा पावसाचं 100 मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं. 2 टक्के पाणी देणाऱ्या बेसाल्टमध्ये भूजलाची पातळी 5 मीटर वर येईल. 20 टक्के देणाऱ्या वाळूत ती जेमतेम अर्धा मीटर वर येईल. याचीच दुसरी बाजू अशी की बेसाल्टमधून तेवढंच पाणी उपसलं की पातळी धाडकन 5 मीटर खाली जाते. आपल्याकडच्या विहिरी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरतात आणि मार्चमध्ये तळ दाखवतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

पगार आणि ठेव

तुमच्यापैकी कोणी टेक्सस, कॅन्सस किंवा नेब्रास्कात राहत असेल, तर तुमच्या आसपासची गोष्ट अगदी वेगळी असू शकते. तिथे ओगलाला नावाचा प्रचंड जलधर आहे. जलधर म्हणजे पाणी धरून ठेवणारा आणि देणारा खडकाचा किंवा वाळूचा थर. हा जलधर आठ राज्यांखाली, सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. त्यातलं बरंचसं पाणी हजारो वर्षांपूर्वी साठलेलं. दक्षिणेकडच्या कोरड्या भागात त्याची भर इतकी संथ आहे की टेक्सस आणि कॅन्ससच्या काही भागांत पातळी 30 मीटरहून जास्त खाली गेली आहे, आणि ती आपल्या हयातीत भरून येणार नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर आपला बेसाल्ट म्हणजे पगाराचं खातं. पावसाळ्यात पगार जमा होतो, वर्षभर पुरवायचा असतो, शिल्लक फार राहत नाही. ओगलाला म्हणजे पूर्वजांनी ठेवलेली ठेव. ठेव मोडून खाणाऱ्याला बराच काळ काही जाणवत नाही. पगारावर जगणाऱ्याला महिनाअखेर लगेच कळतं. बेसाल्टचा हा एक फायदाच म्हणायचा. चूक त्याच वर्षी दिसते आणि नियम पाळले तर सुधारणाही दोन-चार पावसाळ्यांत दिसू शकते.

पाणी कोणाचं?

अडचण अशी की हे खातं एकाच्या नावावर नाही. भेगा सातबारा बघून थांबत नाहीत. शेजाऱ्याच्या 20 मीटरच्या विहिरीशेजारी आपण 100 मीटरचा बोअर घेतला, तर बऱ्याचदा नवं पाणी सापडत नाही, शेजाऱ्याचंच पाणी आपल्याकडे ओढलं जातं. मग तो 150 मीटर जातो. गावात बोअर वाढतात, पाणी तेवढंच राहतं, वाढतं ते कर्ज.

कायद्याने हे बराच काळ चालवून घेतलं. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीखालचं पाणी घेण्याचा हक्क मान्य केला आहे. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 1904 मध्ये जवळपास हाच निकाल दिला. एका रेल्वे कंपनीच्या विहिरीमुळे शेजारच्या घरमालकाची विहीर आटली होती, आणि न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं नाही. महाराष्ट्राने 2009 मध्ये भूजल अधिनियम केला. त्यात अधिसूचित क्षेत्रांत 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. पण बोअरची गाडी रात्रीतून काम उरकून जाते, त्यामुळे नुसत्या कायद्यावर विसंबून भागत नाही.

1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सामायिक संसाधन लोक ओरबाडून संपवतातच, मग उपाय दोनच, सरकारी ताबा किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना हे पटलं नाही. त्यांनी 1965 मध्ये पीएचडी केली होती ती लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावरच. तिथे इतका उपसा झाला होता की समुद्राचं खारं पाणी जलधरात शिरत होतं. तिथल्या पाणी उपसणाऱ्यांनी संघटना केली, कोण किती उपसतो ते मोजलं, न्यायालयामार्फत आपापला उपसा कमी करून घेतला आणि देखरेख बसवली. लोक एकमेकांशी बोलू शकतात, मोजू शकतात आणि नियम स्वतः बनवू शकतात तिथे सामायिक संसाधन टिकू शकतं, हे ऑस्ट्रॉम यांनी पुढे जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हिवरे बाजारचा हिशोब

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार याचं आपल्याकडचं उदाहरण. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने आधी डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे घातले, झाडं लावली. पण पाणी अडवण्याइतकंच महत्त्वाचं पुढचं पाऊल होतं. शेतीसाठी बोअरवर बंदी, उसावर बंदी, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींत किती आहे, त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं.

उसावर बंदी का, ते आपणच मांडून बघू. हे गावाचे अधिकृत आकडे नाहीत, ढोबळ गणित आहे. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. अंदाजे 1000 हेक्टरच्या गावात 400 मिलिमीटर पाऊस पडला तर 400 कोटी लिटर. बेसाल्टच्या भागात यातलं साधारण दहा टक्के खाली मुरतं असं धरू, म्हणजे 40 कोटी. गावची वस्ती 1300 असेल आणि माणशी रोज 55 लिटर लागत असेल, तर वर्षाला 2.6 कोटी लिटर, म्हणजे किरकोळच. आता ऊस. त्याला 2000 मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. पावसाचे 400 वजा केले तरी हेक्टरी 1.6 कोटी लिटर वरून द्यावे लागतात. म्हणजे फक्त 25 हेक्टर ऊस, गावाच्या जमिनीचा अडीच टक्का, अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी पिऊन टाकतो.

मग ऊस लावणारा शेतकरी वेडा आहे का? मुळीच नाही. उसाला ठरलेला दर आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे, ज्वारी-हरभऱ्याचं तसं नाही. पंपाच्या विजेचं बिलही पाण्याच्या किमतीचा अंदाज देत नाही. त्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त सगळ्यांचे बरोबर हिशोब एकत्र केले की गावाची वजाबाकी चुकते. शिवाय हिवरे बाजार लहान गाव आहे, नेतृत्व दीर्घकाळ टिकलं. प्रत्येक गावाला ते जमेलच असं म्हणणं धाडसाचं होईल. पण पावसाचा आकडा आणि विहिरीची पातळी लिहून ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. अटल भूजल योजनेत निवडलेल्या ग्रामपंचायतींनाही असाच ताळेबंद मांडायला सांगितलंय.

म्हणून पुढच्या वेळी काकांचा फोन आला, की आधी त्यांचं ऐकून घ्या. पाच हजार मैलांवरून उपदेश कोणालाच आवडत नाही, आणि पिण्याच्या पाण्याची अडचण असेल तर ती आधी सोडवायलाच हवी. पण शेतीसाठी बोअर असेल तर चार गोष्टी जरूर विचारा. आसपास किती बोअर आहेत आणि त्यातले किती अजून चालू आहेत? जुन्या विहिरीतला गाळ शेवटचा कधी काढला? तेवढ्याच पैशात ठिबक किंवा शेताच्या वरच्या बाजूला बांधबंदिस्ती होईल का? आणि या पाण्यावर कुठलं पीक घ्यायचं ठरलंय? उत्तरं ऐकून पैसे कशासाठी पाठवायचे, ते काका आणि तुम्ही मिळून ठरवा.