बागेला मळ चालतो, क्षार चालत नाहीत

घरातले पाणी बागेला पुन्हा वापरायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी एकच कसोटी लावली जाते : पाणी दिसते कसे? पागोळ्यांचे पाणी नितळ, म्हणून ते झाडांना उत्तम. आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी गढूळ, म्हणून ते गटारात. काही जण नेमके दुसरे टोक गाठतात. साबण शेवटी कुजतोच, पूर्वी मोरीच्या पाण्यावर केळी पोसल्याच होत्या, असे म्हणून ते घरातले सगळे पाणी बुंध्याशी सोडून मोकळे होतात. चूक दोघांचीही होते, आणि ती एकाच ठिकाणी होते. अंगावरचा मळ, साबणातला स्निग्ध भाग, फेस आणणारी रसायने हे सगळे हवा खेळत्या मातीतले जिवाणू बऱ्यापैकी पचवून टाकतात. त्यांना पचत नाहीत ते क्षार, त्यातही सोडियम. तो कुजत नाही आणि उडूनही जात नाही. पाण्याची वाफ होते, सोडियम मातीतच राहतो, आणि रोज थोडा थोडा वाढतो.

हा सोडियम काय करतो ते सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. चोपण झालेली जमीन त्याने पाहिलेली असते. काळ्या मातीचे बारीक कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात आणि मधल्या पोकळीतून पाणी-हवा खेळते. कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन बसला की कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात, वर पाणी साचून राहते आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो. परसातल्या वाफ्यात हेच छोट्या प्रमाणात घडते. धुण्याच्या पावडरीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, आणि सोडियम सल्फेट भरपूर असते. अशा पाण्याचा सामू १० च्या आसपास जातो. पावडरीत फॉस्फेट असते म्हणून ते पाणी खतासारखे, हा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. काही पावडरींत फॉस्फेट असते हे खरे, पण त्याच्याबरोबर सोडियमही येतो, आणि सामू चढला की जमिनीत असलेले लोहसुद्धा झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे जास्वंदीवर दिसू लागले की लोक आणखी खत घालतात. दोष पाण्यात असतो.

म्हणून घरातल्या पाण्याची वाटणी दिसण्यावरून न करता त्यात काय मिसळले यावरून करावी. आंघोळीचा साबणही बहुधा सोडियमचाच असतो, पण एका आंघोळीला तो काही ग्रॅमच झिजतो. एका धुण्याला पावडर त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणजे न्हाणीचे पाणी बागेला चालेल, कपडे विसळल्याचे शेवटचे पाणीही चालेल, पावडरीचे पहिले पाणी मात्र नको. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी उत्तमच. भांड्यांच्या पाण्यात तेल आणि खरकटे असते, त्याने माती तुपकट होते आणि वासही सुटतो, तेव्हा ते वगळावे. बाथरूम अ‍ॅसिडने किंवा ब्लीचिंग पावडरने धुवायच्या दिवशी नळी गटाराकडे वळवावी. घरगुती आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेबही सोपा आहे. ४ लिटरमधले १ लिटर शुद्ध होऊन निघाले तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या ३ लिटरमध्ये येतात, म्हणजे क्षार साधारण सव्वा ते दीडपट होतात. नळाच्या गोड्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे हे पाणी झाडांना खुशाल घाला. खारट बोअरवर चालणाऱ्या यंत्राचे पाणी दिसायला स्फटिकासारखे असले तरी ते फरशी पुसायलाच बरे.

मग पूर्वीच्या केळी आणि अळूची पाने कशी पोसली, हा आक्षेप उरतो, आणि तो रास्त आहे. एक कारण उघड आहे : शिकेकाई, रिठा आणि डाळीचे पीठ यांत सोडियम नगण्य. राख क्षारयुक्त खरी, पण तिच्यात पोटॅशियम जास्त. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे पाऊस. कोकणातल्या ज्या नारळी-केळींचे दाखले दिले जातात त्या निचऱ्याच्या, मुळातच आम्ल जांभ्या मातीत उभ्या असतात आणि त्यांच्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आठ महिन्यांत साठलेले क्षार एका पावसाळ्यात धुऊन निघतात. मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीला ती सवलत नाही. एका ठिकाणची परंपरा दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उचलली की फसते, ती अशी.

पावसाच्या पाण्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच लागून येतो. गच्चीच्या पन्हाळीखाली २०० लिटरचा पिंप ठेवला की उन्हाळ्यात बाग तरेल, असे वाटते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून ५६ हजार लिटर मिळतात. आकडा ऐकून हुरळायला होते. पण पिंप अडीच मिलिमीटरच्या एका सरीतच भरतो आणि बाकीचे पाणी वाहून जाते. उलट २० चौरस मीटरच्या बागेला कोरड्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर पाणी धरले तर १०० लिटर लागतात. पिंप दोन दिवसांत रिकामा. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांची सोय करायची तर २४ हजार लिटरची टाकी हवी. तेवढी जागा आणि पैसा किती जणांकडे असतो? चार माणसे बादलीने आंघोळ करतात त्या घरातून मात्र रोज ८० लिटर पाणी निघते, तेही ऐन वैशाखात. बागेचे रोजचे पाणी हे आहे. पावसाचे काम वेगळे : त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वर्षभर साठलेला सोडियम मुळांच्या खाली ढकलायला त्याच्यासारखे दुसरे पाणी नाही. गच्चीचे पाणी पिंपात कोंडण्यापेक्षा वाफ्यांवरून आणि शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवणे जास्त फायद्याचे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचा सामूही ५.६ च्या आसपास असतो. त्याला आम्लवर्षा समजून घाबरू नये.

डासांचा आणि रोगजंतूंचा आक्षेप खरा आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या पाण्यावर रोखलेला असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणीपेक्षा पिंपातल्या स्वच्छ साठ्यात खुशाल अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे पावसाच्या पिंपाला घट्ट झाकण किंवा बारीक जाळी हवीच. न्हाणीचे पाणी तर साठवूच नये. २४ तासांच्या आत ते जमिनीत गेले पाहिजे, नाही तर त्यात जंतू वाढतात आणि कुजका वास सुटतो. ते फवारू नये, पानांवर पडू देऊ नये. केस अडवायला नळीच्या तोंडाशी जाळी लावावी, पुढे खडी-वाळूचा छोटा चर करून त्यात कर्दळ लावावी आणि तिथून पाणी पालापाचोळ्याच्या थराखाली सोडावे. केळ, नारळ, पपई, फुलझाडे यांना ते चालते; कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, पुदिना, मुळा, गाजर यांना नको.

फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंड्यांना वेगळा नियम लागतो. त्यांच्यावर पाऊस पुरेसा पडत नाही आणि मूठभर मातीत क्षार भरभर साठतात. कुंडीच्या कडेवर पांढरी पुटे आणि पानांच्या टोकांना करपा दिसला की न्हाणीचे पाणी बंद करून तळातून वाहीपर्यंत दोन-तीनदा साधे पाणी घालावे. जमिनीवरच्या बागेत पावसाळा लागला की झडप गटाराकडे फिरवावी आणि परतीचा पाऊस ओसरल्यावर पुन्हा बागेकडे. वाफ्यावर पाणी साचू लागलेच असेल तर मृगाच्या आधी मातीत जिप्सम मिसळावे : त्यातले कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवते, आणि मोकळा झालेला सोडियम पावसाबरोबर खाली जातो. उन्हाळ्यात, धुऊन न्यायला पाणी नसताना घातलेले जिप्सम तसेच पडून राहते.