शून्य अंशाच्या खाली

तापमापकाचा पाठ घेताना ‘शून्य अंश म्हणजे पाणी गोठण्याचे तापमान’ एवढे सांगून आपण बहुधा पुढे जातो. त्यामुळे शून्य अंशास उष्णता संपते, असा मुलांचा ग्रह होतो. तो वेळीच दूर झाला नाही, तर माध्यमिक शाळेत वायूंचे नियम शिकताना तो आड येतो.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो. जानेवारीच्या पहाटे तो १५ अंशांवर येतो. ‘मग मे महिन्यात हवा तिप्पट उष्ण असते काय?’ असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. पुष्कळ मुले ‘हो’ म्हणतील. वस्तुतः सेल्सियसचे शून्य माणसाने सोयीसाठी ठरविलेले आहे. घराची उंची जमिनीपासून न मोजता ओट्यापासून मोजावी, तसा हा प्रकार होय.

पदार्थातील अणू-रेणू कधीही स्वस्थ नसतात. घन पदार्थात ते जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून सरकतात, वायूत मोकळे धावतात. या गतीची सरासरी ऊर्जा जितकी अधिक, तितके तापमान अधिक. थंडी नावाची निराळी वस्तू नाही. काचेच्या दोन पेल्यांत गरम व गार पाणी घेऊन ते स्थिर झाल्यावर शाईचा एकेक थेंब सोडावा. गरम पाण्यात शाई लवकर पसरते. (पेला हलविल्यास प्रयोग वाया जातो.) माठाचेही तसेच आहे. बाहेर पाझरलेल्या पाण्यातील वेगवान रेणू वाफ होऊन निसटतात, मंद रेणू मागे राहतात आणि पाणी गार होते. कोकणच्या दमट हवेपेक्षा खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ अधिक गार होतो, तो यामुळेच.

बंद भांड्यातील वायू एका अंशाने थंड केला, की त्याचा दाब शून्य अंशाच्या दाबाच्या सुमारे २७३ व्या हिश्श्याने घटतो. हा हिशेब खाली वाढवीत नेल्यास उणे २७३.१५ अंशास दाब शून्य ठरतो. हेच निरपेक्ष शून्य. तेथून मोजलेल्या मापास केल्विन म्हणतात. या मापाने मे महिन्याचे तापमान ३१८ व जानेवारीचे २८८ येते. म्हणजे वाढ तिप्पट नव्हे, जेमतेम एक दशांश! हवेतील नायट्रोजनच्या रेणूंचा वेग जानेवारीत सेकंदास सुमारे ५०५ मीटर, तर मे महिन्यात सुमारे ५३० मीटर असतो. एवढ्याशा फरकाने आपला जीव कासावीस होतो.

निरपेक्ष शून्याकडे जाण्याची वाट बिकट आहे. १९०८ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी हीलियम वायू द्रवरूप केला. त्यासाठी सुमारे ४ केल्विनपर्यंत उतरावे लागले. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथ धातूचे शुद्ध स्फटिक याहून कितीतरी खाली नेले. ०.०००५३ केल्विनला त्या स्फटिकांचा विजेला होणारा विरोध पार नाहीसा झाला. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. बिस्मथमध्ये वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन सुमारे लाख अणूंमागे एक इतके विरळ असल्याने शास्त्रज्ञांस याचे नवल वाटले.

‘मग पूर्ण शून्यच का गाठत नाहीत?’ असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. कितीही पायऱ्या उतरल्या तरी शेवटची उरतेच, असा निसर्गनियम आहे. शिवाय, तेथे अणू अगदी निश्चल होतात असे फळ्यावर लिहू नये. किंचित हालचाल तेथेही शिल्लक राहते. साध्या दाबाखाली हीलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही, तो याच हालचालीमुळे.